आजीचा फोन, नातवंडांचे उद्योग: कुलपं नेमकी कुठे कुठे लावायची?

वारजेकरीण:

नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येते.

घरात मुलगी सात वर्षांची, मुलगा बारा वर्षांचा. आम्ही दोघं हिंजवडीला, संध्याकाळी साडेसातच्या आत घरी पोचणं अवघड. शाळा सुटल्यापासून तोवर मुलं सासूबाईंकडे असतात. मुलाचा टॅब आमच्या ताब्यात आहे, त्यामुळे सगळा कारभार चालतो तो सासूबाईंच्या रेडमीवर आणि हॉलमधल्या ॲण्ड्रॉइड टीव्हीवर. त्याच फोनमध्ये त्यांचं पेन्शनचं बँक ॲप, जीपे, नातेवाइकांचे ग्रुप आणि धाकटीच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुपही आहे. फोन पॅटर्नने उघडतो आणि तो पॅटर्न दोन्ही मुलांना तोंडपाठ. वायफाय जिओफायबरचं. कपाटात एक जुना ॲण्ड्रॉइड फोन पडून आहे, चालू स्थितीत.

फोनवर, टीव्हीवर आणि राउटरवर काय काय बदलायचं, कोणत्या क्रमाने, ते हवंय. "फोन देऊच नका" हा सल्ला कृपया नको. आणि सासूबाईंना चार-चार पासवर्ड लक्षात ठेवावे लागतील असा उपायही नको.

---

तपकीर_गल्ली:

ताई, वेळेचं नंतर बघू, आधी पैसे. यूपीआय पिन मुलांना माहीत नाही म्हणजे खातं सुरक्षित, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा.

जीपे, फोनपे उघडताना जे कुलूप विचारतात ते बहुतेक वेळा फोनचंच स्क्रीन लॉक असतं. पॅटर्न पाठ म्हणजे ॲप उघडं. पुढे यूपीआय लाइट (ॲपमधला छोट्या रकमांचा बटवा) चालू असेल तर १००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिन न विचारताच होतो आणि त्यात एका वेळी ५००० रुपये राहू शकतात. ऑटो टॉप-अपला होकार दिलेला असेल तर रिकामं झालं की बँकेतून आपोआप भरतं. कार्डाचा ओटीपी येतो तो त्याच फोनवर, म्हणून ओटीपी हे घरातल्या मुलांपासूनचं संरक्षण नव्हेच. आणि ऑटोपे एकदा मंजूर झालं की ठरलेली रक्कम दर महिन्याला पिनशिवाय जात राहते. गेमचा 'मंथली पास' म्हणतात तो हाच.

आज रात्री पंधरा-वीस मिनिटं काढून हे करा.

१. स्क्रीनचा पॅटर्न बदला आणि त्याजागी सहा आकडी पिन ठेवा. पॅटर्न लांबून बघूनही पाठ होतो, शिवाय काचेवर बोटाचा माग राहतो. सासूबाईंना रोज पिन टाकायला लागू नये म्हणून बोटाचा ठसा द्या. वयस्कर माणसांचे ठसे झिजलेले असतात, सेन्सर सारखा नाही म्हणतो; हात कोरडे करून एकच अंगठा दोनदा नोंदवा, खूप फरक पडतो. फोन बंद करून चालू केला की मात्र पिन लागतोच, एवढं त्यांना सांगून ठेवा.

२. यूपीआय लाइट बंद करा. प्रत्येक यूपीआय ॲपमधलं वेगळं असतं, एक बंद केलं म्हणून दुसरं बंद होत नाही. त्याच ॲपमध्ये ऑटोपेची यादी बघा आणि ओळखीचं नसेल ते रद्द करा.

३. प्ले स्टोअर उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या चित्रावर टिचकी, सेटिंग्ज, तिथे खरेदीच्या पडताळणीचा पर्याय 'प्रत्येक वेळी' करा. बोटाच्या ठशाने खरेदी हा पर्याय बंद. मग प्रत्येक खरेदीला गुगलचा पासवर्ड लागेल. तो सासूबाईंना माहीत असायची गरजच नाही, तुमच्याकडे राहू दे. पेमेंट पद्धतींमध्ये कार्ड साठवलेलं असेल तर काढून टाका.

४. रेडमीत सेटिंग्जमध्ये 'ॲप लॉक' आहे. त्याला फोनच्या पिनपेक्षा वेगळं कुलूप देता येतं. बँक, यूपीआय, प्ले स्टोअर, सेटिंग्ज एवढंच त्यात टाका. व्हॉट्सॲप टाकू नका, सासूबाई दिवसातून पन्नासदा उघडणार आणि दुसऱ्या दिवशी वैतागून कुलूपच काढायला लावणार.

आता मुलांचा भाग. रेडमीत 'सेकंड स्पेस' नावाची सोय असते (काही स्वस्त मॉडेलांत नसते, सेटिंग्जच्या शोधपट्टीत शोधा). एकाच फोनात दुसरं घर: ॲप वेगळी, फोटो वेगळे, खाती वेगळी. त्याला वेगळा पिन द्यायचा. लॉक स्क्रीनवर मुलांनी त्यांचा पिन टाकला की फोन त्यांच्या बाजूला उघडतो, सासूबाईंच्या अंगठ्याने त्यांच्या बाजूला. आजीला काही शिकायला लागत नाही, हाच यातला फायदा.

तिथे यूट्यूब किड्स, दीक्षा (सरकारचं अभ्यासाचं ॲप), बुद्धिबळ, चित्रकलेचं एखादं ॲप ठेवा. बाकीचं काढा. यूट्यूब, क्रोम आणि रेडमीचा स्वतःचा ब्राउझर हे तिन्ही बंद करायचे. लोक क्रोम बंद करतात आणि दुसरा ब्राउझर विसरतात. तसंच गेटॲप्स किंवा इंडस ॲपस्टोअर, जे काय फोनबरोबर आलेलं असेल ते. त्यातून गुगल खातं नसतानाही गेम उतरवता येतात. जे बंद होत नाही ते त्या बाजूच्या ॲप लॉकमध्ये टाका.

यूट्यूब किड्समध्ये पालकांच्या सेटिंगला जाताना ते गुणाकार विचारतं. पाढे येणारं पोर तो दरवाजा दोन सेकंदांत उघडतं. त्याजागी स्वतःचा चार आकडी कोड ठेवा. सात वर्षांसाठी ५ ते ८ हा गट निवडा आणि 'शोध' बंद करा. शोध चालू असला की गट कोणताही असो, काहीतरी चमत्कारिक सापडतंच.

---

वायरवाला_कोथरूड:

वरचं पैशांचं सगळं पटलं. सेकंड स्पेस मात्र मला अर्धवट उपाय वाटतो. त्यात वेळेची मर्यादा नीट बसत नाही, आणि मुख्य म्हणजे मुलीच्या हातात फोन असताना आजीला फोन करायचा झाला तर दोघींची ओढाताण. कपाटातला जुना फोन आहे ना, तोच घ्या. सिम काढा, फक्त वायफायवर चालवा. आजीचा फोन आजीचाच राहू दे.

आधी फोन तपासा. मागचं झाकण जरासुद्धा फुगलेलं असेल, स्क्रीन कडेने उचललेली असेल तर बॅटरी गेली आहे. चार्जिंगला लावू नका, बुधवारात तपकीर गल्लीत किंवा जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे बॅटरी बदलून घ्या. (वरचे काका हसत असतील.) ॲण्ड्रॉइड ७ किंवा पुढचं हवं, नाहीतर फॅमिली लिंक (मुलांच्या फोनवर मर्यादा घालायचं गुगलचं ॲप) चालणार नाही.

रीसेट करण्यापूर्वी सेटिंग्जमधून जुनं गुगल खातं काढा. हे राहिलं आणि रीसेट मारला की फोन सुरू होताना ते जुनंच खातं आणि पासवर्ड मागत बसतो. निम्मे लोक इथे अडकतात.

मग मुलीच्या नावाने गुगल खातं काढा, जन्मतारीख खरी टाकून. पुढची सगळी गंमत त्या तारखेवर आहे. मोठं वय टाकलं तर गुगलच्या लेखी ती प्रौढ. तुमच्या फोनवर फॅमिली लिंक घ्या आणि तुमच्या यजमानांनाही त्यात 'पालक' करून टाका. एकच पालक असला आणि तो मीटिंगमध्ये असला की मुलं आजीच्या मागे लागतात.

फॅमिली लिंकमध्ये रोजची मर्यादा, रात्रीची बंद वेळ, शाळेची वेळ आणि प्रत्येक ॲपची मर्यादा असे वेगवेगळे पर्याय आहेत. सुरुवातीला पहिले दोनच लावा. दीक्षा 'नेहमी चालू' यादीत टाका, म्हणजे मर्यादा संपली म्हणून गृहपाठ अडला ही सबब उरत नाही. अनोळखी स्रोतांवरून ॲप टाकण्याचा पर्याय बंद आहे ना ते बघा. आणि 'पालक कोड' नावाचा आकडा तुमच्या फोनवर दिसतो, इंटरनेट नसतानाही त्याने मुलांचा फोन उघडतो. तो थोड्या थोड्या वेळाने बदलतो, म्हणून आजीला फोनवरून सांगितला तरी उद्यासाठी कामाचा राहत नाही.

हा फोन धाकटीचा. मोठ्याला त्याचा टॅब, त्याच्या स्वतःच्या खात्यावर. दोघांना एकाच फोनवर, एकाच खात्यावर बसवलंत तर मर्यादा सामायिक होते आणि ती कोणी संपवली यावर रोज महाभारत.

आजीच्या फोनवर फॅमिली लिंकचं मुलाचं खातं टाकायच्या फंदात पडू नका. फोन देखरेखीखाली जातो आणि आजीच्याच वापरावर बंधनं येतात.

राउटर. ब्राउझरमध्ये १९२.१६८.२९.१ टाकलं की जिओचं पान उघडतं. पहिलं काम ॲडमिनचा पासवर्ड बदला, मग वायफायचा. पण थांबा: फोनचा पॅटर्न बदलण्याआधी वायफायचा पासवर्ड बदलण्यात अर्थ नाही. ॲण्ड्रॉइड १० पासून पुढे कुठल्याही जोडलेल्या फोनवर 'शेअर' दाबून स्क्रीन लॉक टाकलं की क्यूआर कोड येतो आणि त्यातून कुठलाही दुसरा फोन जोडता येतो. म्हणून आधी आजीचा पॅटर्न, मग वायफाय.

राउटरवर मुलांचं नेट ठरावीक वेळी बंद करायचं वेळापत्रक लावताना, नवे फोन दर नेटवर्कला वेगळा, बनावट मॅक पत्ता (राउटर ज्यावरून उपकरण ओळखतो तो क्रमांक) दाखवतात हे लक्षात घ्या. मुलांच्या फोन आणि टॅबवर त्या वायफायच्या तपशिलात जाऊन 'फोनचा मूळ मॅक' निवडा आणि मगच तो राउटरवर नोंदवा. मुलाने पुन्हा बनावट निवडला तर तो यादीतून निसटतो. म्हणून 'या उपकरणांना बंदी' यापेक्षा 'फक्त या उपकरणांना परवानगी' ही यादी बरी. पाहुण्यांना प्रत्येक वेळी नोंदवायला लागतं, तेवढा त्रास आहे.

राउटरची वेळही बघा. टाइम झोन जीएमटीवर राहिला असेल तर सगळं वेळापत्रक साडेपाच तास सरकतं. रात्री नऊला बंद करायला सांगितलेलं नेट पहाटे अडीचला बंद होतं आणि माणूस म्हणतो राउटर बिघडलाय. गुरुवारची वीज गेली-आली की काही राउटर तारीखही विसरतात. इंटरनेटवरून वेळ घेण्याचा पर्याय चालू ठेवा.

आणि हे सगळं आजीच्या सिमला लागू नाही. वायफाय बंद झालं की मोबाइल डेटा हजर, रोजचा कोटा मध्यरात्री पुन्हा भरलेला. यूट्यूबच्या ॲप-माहितीत जाऊन मोबाइल डेटा बंद करा. आजींना कीर्तन वायफायवर दिसतंच आहे.

टीव्ही: गुगल टीव्ही असेल तर मुलांचं प्रोफाइल काढा, त्याला मर्यादा आणि झोपेची वेळ देता येते, आणि तुमच्या प्रोफाइलला पिन लावा. तो पिन लावला नाही तर मुलं आरामात बाहेर पडतात. टीव्हीवर यूट्यूब किड्सचं वेगळं ॲप आता मिळत नाही, यूट्यूबमध्येच मुलांचं प्रोफाइल निवडावं लागतं. नुसतं खातं साइन आउट करून उपयोग नाही, यूट्यूब खात्याशिवायही चालतं. दुसऱ्या कुणी वाचत असेल तर, सॅमसंग आणि एलजीचा मूळ पिन ०००० असतो आणि ते प्रत्येक शाळेत प्रत्येकाला माहीत आहे.

---

चष्मेवाला:

तंत्राचं वरच्यांनी सांगितलं, मी डोळ्यांपुरतं.

इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सच्या मार्गदर्शक सूचना अशा: दोन वर्षांखाली स्क्रीन नाही, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल सोडून. दोन ते पाच वर्षं दिवसाला जास्तीत जास्त एक तास. पाच ते दहा वर्षं दोन तासांहून कमी. तुमच्या धाकटीला हा शेवटचा आकडा लागू, आणि त्यात टीव्हीही धरायचा.

तासांइतकंच अंतर महत्त्वाचं. फोन बसून धरला तर साधारण ३० ते ४० सेंटीमीटरवर असतो, पोटावर किंवा कुशीवर झोपून बघितला की निम्म्यावर येतो. जवळचं काम फार जवळून आणि सलग, यातून लघुदृष्टीचा (लांबचं धूसर दिसण्याचा) धोका वाढतो. म्हणून तेच व्हिडिओ बघायचे असतील तर फोनपेक्षा टीव्ही चांगला, हे आईबापांना उलटं वाटतं. जुना फोन धाकटीला द्यायचाच असेल तर टेबलावर स्टॅण्डला लावून द्या, गादीवर नाही.

दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघायचं. वीस फूट म्हणजे सुमारे सहा मीटर, फ्लॅटच्या आत एवढं अंतर मिळत नाही. गॅलरीत जाऊन समोरच्या इमारतीकडे बघायला सांगा.

लघुदृष्टी सुरू होणं पुढे ढकलायला सगळ्यात खात्रीचा उपाय उघड्यावरचा उजेड, दिवसाला दोनेक तास. सोसायटीचं पार्किंग चालतं, टेकडी तर उत्तमच. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कैक पट असतो. 'ब्लू कट' काचेवर जास्तीचे पैसे घालवू नका, मुलांच्या नंबरवर तिचा उपयोग होत नाही.

मुलगा फळ्यावरचं बघताना डोळे बारीक करत असेल तर दुकानातल्या मशीनवरचा नंबर घेऊन थेट चष्मा करू नका. मुलांचे स्नायू ताणलेले असतात, नंबर खोटा मायनसकडे जातो. डॉक्टरकडून थेंब टाकून तपासणी करा. त्यानंतर काही तास, कधी दिवसभर, जवळचं धूसर दिसतं आणि उजेड खुपतो, म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी नेऊ नका.

हेडफोनबद्दल एकच. मुलांसाठी आवाजाला मर्यादा असलेले घ्या. डब्ल्यूएचओ मुलांसाठी ७५ डेसिबलला आठवड्याला ४० तास ही हद्द धरते. आवाज वाढला की ते तास झपाट्याने कमी होतात.

---

खडू_फळा:

वर्गाचा ग्रुप आजीच्या फोनवर आहे, हीच मूळ गोची आहे. "गृहपाठ बघायचाय" म्हटलं की आजी बिचारी फोन देते.

ग्रुप तुमच्या फोनवर घ्या. वर्गशिक्षकांना नंबर बदलायला सांगणं एका मेसेजचं काम. गृहपाठाचा मजकूर तुम्ही दुपारी कार्यालयातून बघून आजीला फोनवर सांगा किंवा त्यांना साधा मेसेज करा, तो त्या वहीत लिहून देतील. पीडीएफ असेल तर रात्री छापून ठेवा. लॅपटॉपवर व्हॉट्सॲप जोडून मुलांना देऊ नका, त्यात तुमचे सगळे संवाद उघडे पडतात. मोठ्याला स्वतःचं व्हॉट्सॲप तेरा पूर्ण होईपर्यंत नाही, ही कंपनीचीच अट आहे. वाद घालायला सोयीची.

पुस्तकं फोनवर बघायचा आग्रह असेल तर ई-बालभारतीवरून राज्य मंडळाच्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट उतरतात. एकदा उतरवून टॅबमध्ये ठेवा, नेट लागत नाही. पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षाने उघडतात आणि तिथलं साहित्यही आधी उतरवून ठेवता येतं. कोड फोनच्या साध्या कॅमेऱ्याने उघडला तर ब्राउझर सुरू होतो आणि पोरगं तिथून पुढे निघून जातं, म्हणून दीक्षाच्या आतूनच स्कॅन करायची सवय लावा.

आणखी एक. मर्यादा संपून फोन मध्येच बंद झाला तर राग आजीवर निघतो. वेळ व्हिडिओच्या लांबीवर बेता. वीस-पंचवीस मिनिटांचे भाग बघणाऱ्या मुलीला पन्नास मिनिटं द्या, पंचेचाळीस नको.

---

वारजेकरीण:

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. जुना फोन अगोदरच रीसेट करून ठेवलेला निघाला आणि तो आता मिस्टरांचं खूप जुनं खातं मागतोय, पासवर्ड आठवत नाही. आणि यूपीआय लाइटमध्ये थोडे पैसे आहेत, बंद केलं तर ते जातील का?

---

तपकीर_गल्ली:

पैसे जात नाहीत. जीपेमध्ये प्रोफाइलला जा, यूपीआय लाइट उघडा, बंद करण्याचा पर्याय निवडा. शिल्लक ज्या बँक खात्यातून आली तिथेच परत जमा होते. ॲप नुसतं अनइन्स्टॉल करू नका, आधी लाइट बंद, मग काय ते. ऑटो टॉप-अप असेल तर तेही त्याच पानावर बंद करा.

खात्याचं असं आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर गुगलच्या 'खातं परत मिळवा' पानावर जा आणि मिस्टरांचा तेव्हाचाच मोबाइल नंबर चालू असेल तर त्यावर कोड मागवा. शक्यतो घरच्या वायफायवरून करा. खातं पूर्वी जिथून वापरलं जायचं तिथून मागणी आली तर गुगल लवकर ओळखतं. पासवर्ड बदलल्यावर लगेच फोनवर टाकू नका, कधीकधी एक-दोन दिवस तो फोन नवा पासवर्ड घेत नाही. दोन दिवस थांबून टाका. यूट्यूबवर 'हे कुलूप तोडा' छापाचे व्हिडिओ आहेत आणि दुकानांतही करून देणारे भेटतील, पण ते अनोळखी फाइल टाकून करतात. मुलीच्या हातात द्यायच्या फोनात ते नको. खातं परत मिळालंच नाही तर खरेदीचं बिल आणि खोका घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. बिल असेल तर काही कंपन्या ते कुलूप काढून देतात.

आणि पैसे कधी गेलेच तर: प्ले स्टोअरवरची खरेदी असेल तर ४८ तासांच्या आत गुगलच्याच पानावर परतावा मागा, त्यानंतर बहुतेक वेळा गेम बनवणाऱ्याकडे जावं लागतं. कुणी लिंक पाठवून फसवलं असेल तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन, बँकेलाही कळवा, आणि तो मेसेज पुसू नका.